विंचवाचं बिऱ्हाड

आमच्या गाडीच्या नाकावर विंचू आहे. कार्लो ॲबार्थ नावाच्या गृहस्थाने १९४९ साली इटलीत गाड्या तेज करण्याचा उद्योग सुरू केला. त्याची रास वृश्चिक, म्हणून बोधचिन्हात विंचू. ही माहिती मी मोठ्या कौतुकाने घरी सांगितली, तेव्हा बायको म्हणाली, "रास बघून मुलगी पसंत करणारे ऐकले होते, रास बघून गाडी काढणारा हा पहिलाच." तेव्हापासून गाडीचं घरगुती नाव विंचू.

२०१९ च्या दिवाळीत, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, मी ही जुनी ॲबार्थ पुंटो घेतली. २०१६ सालची, ३१ हजार किलोमीटर पळालेली, साडेपाच लाखांना. ज्यांना हे नाव ओळखीचं नाही त्यांच्यासाठी: वरून पाच दारांची साधी फियाट पुंटो, आत १,३६८ सीसीचं टर्बो पेट्रोल इंजिन, ताकद १४५ बीएचपी. अशा गाड्यांना जगभर 'हॉट हॅच' म्हणतात. म्हणजे भाजीच्या पिशवीत तलवार. माझ्या बरोबरीचे लोक तेव्हा उंच उंच एसयूव्ही घेत होते. बाबा गाडीला एक चक्कर मारून म्हणाले, "एवढ्या पैशात सात माणसांची आली असती." आमच्या घरात माणसं पाच.

मी पेशाने हिशेबनीस. पुण्यात खराडीतल्या एका कंपनीत दुसऱ्यांच्या खर्चाची छाननी करतो. म्हणून गाडी घरी आली त्याच दिवशी लाल कापडी पुठ्ठ्याची एक वही आणली आणि रकाने आखले: तारीख, किलोमीटर, लिटर, रुपये, ॲव्हरेज. सहा वर्षांत ती भरत आली आहे. पुढचं सगळं त्या वहीतलं आहे. थोडं तिच्या समासातलं.

१. कागदावरचं ॲव्हरेज खोटं नसतं, हे पटायला मला दोन वर्षं लागली. विंचवाचा एआरएआयचा आकडा लिटरला १६.३ किलोमीटर. माझी पहिली टाकी निघाली ८.४ ची. आधी गुणाकार-भागाकार तपासले. मग वाटलं, गळती असणार. रात्री साडेदहाला बॅटरी घेऊन पार्किंगमध्ये गाडीखाली डोकं घातलं, तर वॉचमन येऊन विचारतो, "साहेब, मांजर गेलं का आत?" गंमत म्हणजे हा आकडा देणारी एआरएआय ही संस्था आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. कोथरूडची माणसं वेताळ टेकडीच्या त्या बाजूला 'एआरएआयची टेकडी'च म्हणतात आणि मी रोज सकाळी तिथेच चालायला जातो. चाचणी कशी होते ते मग वाचून काढलं. गाडी रोलरवर उभी करतात, ठरलेल्या आलेखाप्रमाणे वेग वाढवतात, कमी करतात. सगळा खेळ वीस मिनिटांना वीस सेकंद कमी. सरासरी वेग ताशी तिशीच्या थोडा वर, कमाल वेग ९०, एसी बंद. चढ नाही, खड्डा नाही, आडवी येणारी रिक्षा नाही. मीही जिममध्ये ट्रेडमिलवर पाच किलोमीटर पळतो, आणि त्याच पायांनी टेकडी चढताना दोनदा बाकावर बसतो. गाडीला बोलायला तोंड कुठे होतं मला?

२. वही ठेवणं सोपं, वहीशी खरं बोलणं अवघड. ॲव्हरेज काढायची घरगुती रीत सगळ्यांना माहीत आहे: टाकी फुल करायची, गाडी चालवायची, पुन्हा फुल करायची, मधल्या किलोमीटरना या वेळच्या लिटरने भागायचं. पहिल्या वर्षी माझे आकडे ८ ते १३ असे झोके घेत होते आणि मी त्यावर सिद्धांत रचत होतो. पावसाळी हवा, नवा एअर फिल्टर, एकदा तर अमावास्याही मनात येऊन गेली. त्यातलं एक खरं कारण पंपावर होतं. पोरगा "झिरो बघा साहेब" म्हणून नोझल लावतो, टाकी भरली की नोझल आपोआप खटकन बंद होतो, आणि मग तो मान वळवून विचारतो, "राउंड फिगर करू का?" मी कायम हो म्हणायचो. सुट्ट्या पैशांचा कंटाळा, दुसरं काय. २,८७० चे ३,००० होईपर्यंत तो चिमूट चिमूट सोडत राहायचा आणि दीडेक लिटर गळ्यापर्यंत चढायचं. कधी चढायचं, कधी नाही. म्हणजे सगळा हिशेब मी सैल मापाने करत होतो, आणि ऑफिसात लोकांच्या टॅक्सीच्या पावत्यांवर लाल शेरे मारत होतो. आता तोच पंप, तोच नोझल, पहिला खटका झाला की बस्स, आणि एका टाकीवर विश्वास नाही. दहा टाक्यांची सरासरी. गाडीच्या पडद्यावर दिसणारा आकडा तरीही वहीपेक्षा पाऊण किलोमीटर जास्तच असतो. तोही घरचाच माणूस. आपल्याला वाईट वाटू नये म्हणून वाढवून सांगतो.

३. जुनी गाडी घेताना आपण एका अनोळखी माणसाचा उजवा पाय विकत घेतो. "डॉक्टरांची गाडी आहे, घर ते दवाखाना," असं मला विकणाऱ्याने सांगितलं होतं. पुण्यात विकायला निघालेली प्रत्येक जुनी गाडी डॉक्टरांची असते. एवढे डॉक्टर असून अपॉइंटमेंट का मिळत नाही कळत नाही. तीन महिन्यांनी चढावर विचित्र वाटू लागलं. इंजिन ओरडायचं, काटा वर जायचा, गाडी मात्र जागची हलेना. भोसरीचे एक मेकॅनिक मला कुणीतरी सुचवले होते. ते शेजारी बसले, मला चढावर तिसऱ्या गिअरमध्ये खेचायला सांगितलं आणि डोळे मिटून घेतले. गाणं ऐकताना मिटतात तसे. "क्लच सरकतोय," म्हणाले. मग लॅपटॉप जोडून पाहिलं आणि हसले. "साहेब, ह्याच्या मेंदूत कुणीतरी हात घातलाय." रिमॅप, म्हणजे इंजिनाच्या संगणकातलं गणित बदलून टर्बोकडून जास्त दाब काढून घेणं. कंपनीने १४५ बीएचपीवर थांबायचं ठरवलं होतं, त्याला क्लचसकट बाकीच्या सामानाची कारणं होती. डॉक्टरसाहेबांना ती पटली नसावीत. मूळ गणित परत घातलं, क्लच बदलला, ३८ हजार. टायमिंग बेल्ट कधी बदलला याची पावती नव्हती, आणि तो तुटला तर इंजिनाचीच वाट लागते, म्हणून तोही बदलला. मूळ गणितावर आल्याबरोबर लिटरमागे ॲव्हरेज जवळपास एक किलोमीटरने वाढलं. तलवार थोडी बोथट झाली हेही खरं. मी ते कुणाला सांगत नाही.

४. टर्बो ही उसनवारी आहे. छोटं इंजिन दिवसभर छोट्या इंजिनासारखं वागतं. जोर हवा असला की त्याच्याच धुराड्यातून बाहेर जाणाऱ्या वायूने एक चक्र फिरतं आणि ते आत जास्तीची हवा कोंबतं. आता इंजिनाचा नियम असा, की पेट्रोल एक भाग तर हवा वजनाने साधारण १४.७ भाग. हवा वाढली की पेट्रोल वाढलंच, आणि पाय पार तळाशी गेला तर आतली उष्णता आवरायला त्याहूनही जास्त ओतावं लागतं. म्हणजे हॉट हॅचमध्ये दोन इंजिनं असतात, एक कारकून आणि एक पहिलवान. खुराक कोणाला द्यायचा ते आपण ठरवायचं. विंचवाचा खरा जोर २,००० फेऱ्यांपासून ४,००० पर्यंत. १,८०० वर तो पेन्शनर असतो, २,२०० वर पाठीत बुक्की मारतो. पहिली दोन वर्षं मी ती बुक्की खायला प्रत्येक सिग्नलवर उतावीळ. नळ स्टॉपला शेजारच्या बुलेटवाल्याने नुसतं माझ्याकडे बघितलं तरी मला तो अपमान वाटायचा. एकदा अशाच एका सुटण्यात पडद्यावर क्षणाचं ॲव्हरेज ४.१ बघितलं, पुढचा सिग्नल दोनशे मीटरवर लाल होता आणि बुलेटवाला सावकाश येऊन पुन्हा शेजारी उभा राहिला. त्याने मानेने नमस्कार केला. मग मी एक महिना १,८०० च्या वर न जाण्याचं व्रत घेतलं. गावात साडेअकरा मिळालं. पण त्या महिन्यात गाडीतून उतरताना बँकेतून बाहेर पडल्यासारखं वाटायचं. शेवटी मधुमेही माणूस दिवसाला एक पेढा ठरवून घेतो तसं ठरवलं: दिवसातून एकदा, रस्ता मोकळा असेल तर, चांदणी चौकाचा चढ.

५. सगळ्यात महाग प्रवास सगळ्यात जवळचा असतो. दीड किलोमीटरवरच्या डेअरीतून दूध आणायला मी विंचू काढायचो, "इंजिन फिरतं राहायला हवं" या नावाखाली. थंड इंजिनाला सुरुवातीला पेट्रोल जास्त लागतं, ऑइल घट्ट असतं, आणि तापमानाचा काटा जागेवर यायच्या आत आपण दूध घेऊन परत. डिसेंबरात एकदा फक्त अशाच खेपांची टाकी मोजली: ६.९. आता चालत जातो. कधीकधी.

६. रस्ता मोकळा झाला की खर्च कमी होतो, ही अर्धी गोष्ट आहे. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर ताशी ८० च्या आसपास ठेवलं की विंचू १४.८ देतो, १०० ला १३.१ वर येतो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ८० वरून १०० वर गेलं की वेग सव्वापट, विरोध दीडपटीहून जास्त. हे शाळेत शिकलो होतो, पण शाळेत त्याचे पैसे भरावे लागले नव्हते. १०० च्या पुढचे आकडे माझ्या वहीत नाहीत. ते ई-चलनात आहेत. २०२४ मध्ये तिथे कॅमेरे बसले आणि पहिल्याच महिन्यात माझ्या मोबाइलवर दोन फोटो आले. पहिल्यात नंबरप्लेट स्पष्ट, दुसऱ्यात माझा चेहराही. बायकोने दुसरा फोटो झूम करून बघितला. "एवढा खूश मी तुला लग्नाच्या अल्बममध्येही पाहिला नाही."

७. बाबांना जे येतं ते चुकीचं नसतं, त्याचं साल वेगळं असतं. रत्नागिरीला जाताना आंबा घाट उतरू लागलो तसे बाबा म्हणाले, "न्यूट्रल टाक. पेट्रोल वाचेल." मी म्हटलं, उलट आहे. गिअरमध्ये ठेवून पाय काढला तर आताच्या इंजिनात इंजेक्टर पेट्रोलच बंद करतो. चाकंच इंजिन फिरवत राहतात. न्यूट्रल केलं तर इंजिन चालू ठेवायला पेट्रोल जाणारच, वर सगळा उतार ब्रेकवर. बाबा गप्प बसले, पण ते पटल्याचं गप्प नव्हतं. मी पडद्याकडे बोट दाखवलं: गिअरमध्ये, पाय वर, आकडा टोकाला जाऊन थांबलेला. ते बराच वेळ बघत होते. साखरप्याला चहा पिताना म्हणाले, "आमच्या फियाटला कार्ब्युरेटर होता." एवढंच. आमची फियाट म्हणजे प्रीमियर पद्मिनी, कुर्ल्याच्या कारखान्यातली, १,०८९ सीसीची. तिला पद्मिनी म्हणताना मी बाबांना कधी ऐकलं नाही. आणि कार्ब्युरेटरच्या गाडीत त्यांचं बरोबरच होतं. तिथे गिअरमध्ये असताना इंजिन वेगाने फिरत राहतं आणि पेट्रोल ओढतच राहतं.

घरी आल्यावर त्यांनी माळ्यावरून एक पत्र्याचा डबा काढून घेतला. आत वही. लाल कापडी पुठ्ठा. रकाने तेच: तारीख, किलोमीटर, लिटर, रुपये, ॲव्हरेज. मला वाटत होतं ही माझी कल्पना! १९८८ ची पानं उघडली. निळ्या शाईत, बाबांच्या त्या उभ्या, कंजूष अक्षरात: १०.८, ११.२, १०.४. माझ्या वहीची सहा वर्षांची सरासरी १०.६. चाळीसेक हॉर्सपॉवरच्या पद्मिनीचं आणि १४५ बीएचपीच्या विंचवाचं ॲव्हरेज जवळपास एकच. सदतीस वर्षांत माणसांनी इंजिन इतकं सुधारलं आणि त्या सुधारणेचं आम्ही घराण्याने काय केलं, तर सगळी वेगात, एसीत आणि जाड दरवाज्यांत उडवली. बाबा काही बोलले नाहीत. वही माझ्याकडे राहू दे म्हणाले.

८. पेट्रोलच्या पैशांवर आपण डोळा ठेवून बसतो आणि पैसा दुसऱ्याच दाराने जातो. २०२१ च्या मेअखेर मुंबईत पेट्रोलने शंभरी ओलांडली (परभणीकरांनी ती आधीच ओलांडली होती), तेव्हा ऑफिसात सगळे मला विचारायचे, आता काय? म्हणून एका रविवारी बसून नीट हिशेब मांडला आणि नंतर दर बदलले तसा सुधारत गेलो. वर्षाला ८,००० किलोमीटर. १०.६ च्या हिशेबाने ७५५ लिटर, १०४ रुपयांच्या दराने साडेअठ्ठ्याहत्तर हजार. लिटरला १७ देणारी समंजस गाडी असती तर एकोणपन्नास हजार. फरक वर्षाला साधारण साडेएकोणतीस हजार, महिन्याला अडीच हजार. वाईट, पण ज्याच्यावरून लोक लग्नकार्यात कीव करतात इतका वाईट नाही. आता दुसरा रकाना. ही गाडी २०१५ च्या अखेरीस बाजारात आली तेव्हा दिल्लीत एक्स-शोरूम ९ लाख ९५ हजारांना होती. मी साडेपाचला घेतली. मधले साडेचार लाख कुणी सोसले? डॉक्टरांनी. त्या साडेचार लाखांत पेट्रोलचा माझा फरक पंधरा वर्षं भरून निघेल. त्यांनी क्लच जाळला त्याबद्दलचा माझा राग त्या रविवारी संपला.

मात्र खरा खर्च टायरात, आणि तऱ्हेवाईकपणात. १६ इंची चाकं, ५५ चं टायर. रबराची भिंत बुटकी. पावसाळ्यात पाण्याने भरलेला खड्डा ओळखता आला नाही की भिंतीला बटाट्याएवढा फुगा येतो आणि टायर बाद. असे तीन बटाटे आजवर. पुढचं बंपर आमच्याच सोसायटीच्या गतिरोधकाला घासतं. तो उंच करावा असा ठराव सर्वसाधारण सभेत मीच मांडला होता, विंचू येण्याच्या दोन वर्षं आधी. आणि एकदा हातगाडीने उजवा आरसा नेला. मी गाडी घेतली त्याच सुमारास भारतात फियाट नावाने गाड्या विकणं थांबलेलं, आणि दुर्मीळ गाडीची हौस मलाच. सात आठवडे मी आरशाच्या मागे होतो. शेवटी कुर्ल्याच्या भंगारबाजारात एका बिचाऱ्या पांढऱ्या पुंटोच्या अंगावर तो मिळाला. माझ्या गाडीचा रंग वेगळा. रंगवून घ्यायचा म्हणतो, अजून पांढराच आहे. त्या दिवशी परत येताना मनात आलं, बाबांची फियाट कुर्ल्यात जन्मली, माझी फियाट कुर्ल्यात दुरुस्त झाली.

माझ्या गाडीचा जन्म मात्र आपल्याच जिल्ह्यातला, रांजणगावचा. वर्षातून एकदा महागणपतीला जातो तेव्हा बायको म्हणते, विंचू माहेरी निघाला. नगर रोडच्या गर्दीत त्या माहेरपणाचं ॲव्हरेज ९.२.

९. विम्याचा नो क्लेम बोनस गाडीचा नसतो, माणसाचा असतो. आधीच्या मालकाचा बोनस गाडीबरोबर मला मिळेल अशी माझी समजूत. तो नाहीच मिळत. पण माझ्या विकलेल्या जुन्या गाडीवर मीच साठवलेला बोनस दाखला काढून नव्या गाडीला लावता आला असता, हे मला कळलं तेव्हा त्याची तीन वर्षांची मुदत होऊन गेली होती. पेशा वर सांगितलाच आहे.

१०. उसाचाही यात हात आहे. वाळवा तालुक्यात आमचे चुलते ऊस लावतात. गेल्या गणपतीत ते म्हणाले, "माझा ऊस कारखान्यात, कारखान्याचं इथेनॉल तुझ्या टाकीत. म्हणजे तू माझ्या जिवावर फिरतोस." पेट्रोलमधलं इथेनॉल २०२५ मध्ये २० टक्क्यांवर पोहोचलं. लिटरमागे इथेनॉलमधली ऊर्जा पेट्रोलच्या साधारण दोनतृतीयांश, त्यामुळे ॲव्हरेज थोडं उतरणार हे गणितानेच ठरलेलं. माझ्या वहीत ते अर्ध्या किलोमीटरने उतरलं. सगळं इथेनॉलमुळेच, असं छातीवर हात ठेवून मी म्हणणार नाही, कारण त्याच महिन्यांत खराडीचा रस्ताही खोदलेला होता. गाडी या मिश्रणाच्या आधीच्या जमान्यातली, म्हणून भोसरीवाल्यांकडून पेट्रोलच्या रबरी नळ्या बदलून घेतल्या. मध्यंतरी ९५ ऑक्टेनचं महाग पेट्रोलही भरून पाहिलं. ऑक्टेन म्हणजे दाबाखाली वेळेआधी न पेटण्याची पेट्रोलची सहनशक्ती. त्याने ताकद ओतली जात नाही. इंजिन जरा गुळगुळीत चालल्यासारखं वाटलं. वहीत काही दिसलं नाही. गुळगुळीत वाटण्याचे लिटरला सात-आठ रुपये मी तीन महिने दिले.

११. प्रयोग नीट करायचा तर एका वेळी एकच गोष्ट बदलायची असते, आणि माझ्या बाबतीत ती बदलायला मला टेकडीवरून पडावं लागलं. २०२४ चा जुलै, शेवाळलेला दगड, उजवा घोटा. सहा आठवडे प्लॅस्टर. मुलीला लायसन्स मिळून तीन महिने झाले होते. ती मला रोज खराडीला न्यायची आणि संध्याकाळी परत आणायची. तीच गाडी, तोच रस्ता, तीच वेळ, तोच एसी, गाडीत माझं वजन. फक्त उजवा पाय दुसऱ्याचा. मी डाव्या सीटवर बसून नसलेला ब्रेक दाबत होतो आणि मनात म्हणत होतो, बघूया, क्लच किती महिने टिकतो. पहिली टाकी निघाली ११.७. दुसरी ११.९. त्या रस्त्यावरची माझी सरासरी ९.८ होती.

मी तिला विचारलं, तू काय करतेस? ती म्हणाली, "काही नाही. पुढचा सिग्नल लाल दिसला की पाय काढते. तुम्ही लाल दिसला की जोरात जाता." मी म्हटलं, असं कोण करेल? ती आरशात बघत म्हणाली, "बाबा, तुम्ही."

त्याच आठवड्यांत पाय उशीवर ठेवून मी घरी पडलेला असताना बायकोने कधी नव्हे ती वही वाचायला घेतली. मला वाटलं, खर्च बघतेय. ती समासात पेन्सिलीने काहीतरी लिहीत होती. दुसऱ्या दिवशी पाहिलं. २०२२ च्या मे महिन्यात ७.९, पुढे तिच्या अक्षरात: प्रमोशन. २०२३ च्या ऑगस्टमध्ये ८.१: आईंचं ऑपरेशन. मग एक १२.४: घरून काम, माझी बदली रद्द. टाक्या मी भरल्या होत्या, तारखा माझ्या हातच्या, आणि पाच वर्षांत मला त्या दोन रकान्यांचा मेळ बसला नव्हता. एका ७.६ पुढे तिने प्रश्नचिन्ह टाकलं होतं. मला आठवतं ते कशामुळे. बोललो नाही.

१२. आता वही निम्मी तिची आहे, म्हणजे मुलीची. शनिवार-रविवार विंचू तिच्याकडे असतो आणि नोंद करायचा नियम तिनेच स्वतःवर घालून घेतला. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात, हिचं मागच्या सीटवर असतं: गिटार, रेनकोट, कुणाचे तरी बूट. आमच्या वह्यांच्या परंपरेत तिने भर घातली ती चिकटवलेल्या रंगीत टिकल्यांची; त्यांचा अर्थ अजून कळलेला नाही. शेवटची नोंद परवाची. तारीख आहे, किलोमीटर आहेत, पैशांच्या रकान्यात ५००. ॲव्हरेजचा रकाना कोरा.

"का गं, हे भरलं नाहीस?"

"टाकी फुल नाही केली ना. पाचशेच होते."